रिमार्क ४६५

प्रोटीन डेटा बँकेतली, म्हणजे सोडवलेल्या प्रथिन-रचनांच्या जागतिक संग्रहातली, जुन्या धाटणीची कुठलीही फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली, तर अणूंचे आकडे सुरू होण्याआधी लांबलचक प्रस्तावना लागते. रचना कुणी सोडवली, कुठल्या पद्धतीनं, रिझोल्यूशन किती. त्यातच 'रिमार्क ४६५' नावाचा एक तक्ता असतो. जी अमिनो आम्लं प्रयोगात होती पण दिसली नाहीत, त्यांची ती यादी. एका ओळीत एक, नाव आणि क्रमांक. बहुतेक जण ती न वाचताच खाली सरकतात, कारण चित्र खालच्या आकड्यांतून तयार होतं. माझं जवळजवळ सगळं संशोधन या न वाचल्या जाणाऱ्या ओळींवर झालंय.

ठरवून काही झालं नाही. १९९७ साली पीएचडीला लागले तेव्हा काम सरळ होतं. जनुकांवर ताबा ठेवणाऱ्या एका प्रथिनाचे स्फटिक करायचे, क्ष-किरणांनी रचना सोडवायची, प्रबंध लिहायचा. त्या प्रथिनाचं नाव सांगत नाही. त्यावर काम करणारे गट हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. लॅबमध्ये आम्ही त्याला 'बारकं' म्हणायचो. १३१ अमिनो आम्लं, वस्तुमान साडेचौदा किलोडाल्टनच्या आसपास. "लहान आहे, दोन वर्षांत उरकेल," असं माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते.

बारक्यानं पहिल्याच महिन्यात रंग दाखवले. जेलवर प्रथिनं वजनानुसार वेगवेगळी पळतात. बारक्याचा बँड साडेचौदाच्या जागी यायला हवा, तर तो एकविसाच्या आसपास आला. क्लोन, म्हणजे जिवाणूत घातलेलं जनुक, चुकला असणार म्हणून डीएनएचा क्रम पुन्हा वाचून घेतला, तो बरोबर. मास स्पेक्ट्रोमीटरवर वजन तपासलं, तेही बरोबर. मग जेल खोटं बोलतंय का? बोलतच होतं, पण का ते कळायला बराच काळ गेला. जेलमध्ये प्रथिनाला एसडीएस नावाचा साबणासारखा रेणू चिकटतो, साधारण एक ग्रॅम प्रथिनाला १.४ ग्रॅम या हिशेबानं, आणि त्याच्या ऋणभाराच्या जोरावर प्रथिन पळतं. ज्या प्रथिनात ऋणभारित अमिनो आम्लं खच्चून भरलीत आणि पाण्याला टाळणारी फार कमी आहेत, त्याला एसडीएस पुरेसा चिकटत नाही. ते मागे रेंगाळतं आणि उगाचच वजनदार वाटतं.

दुसरा तराजू जेल फिल्ट्रेशनचा. त्या कॉलममधून मोठे रेणू आधी बाहेर पडतात, लहान नंतर. बारकं इतकं लवकर बाहेर पडलं की हिशेबानं पन्नासच्या वर निघालं. साडेचौदा चोक अठ्ठावन्न. "टेट्रामर आहे," असं आम्ही ठरवून टाकलं आणि त्या टेट्रामरपायी माझे अकरा महिने गेले. चार रेणू एकमेकांशी जोडून दाखवावेत म्हणून क्रॉसलिंकिंग केलं, काहीच जोडलं गेलं नाही. रसायन जुनं असेल म्हणून नवं मागवलं. पुन्हा तेच. शेवटी अल्ट्रासेंट्रिफ्यूजवर, म्हणजे रेणू गरगर फिरवून त्यांचं खरं वजन काढणाऱ्या यंत्रावर, वेळ मिळाला आणि दोन दिवसांत निकाल लागला: रेणू एकटाच आहे. कॉलम वजन मोजत नाही, पसारा मोजतो. घडी घातलेली चादर आणि पसरलेली चादर वजनाला सारखीच भरते, जागा मात्र वेगवेगळी व्यापते. हे पाठ्यपुस्तकात छापलेलं होतं, मी ते परीक्षेत लिहूनही आले होते.

स्फटिकांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण ते झालेच नाहीत. चोवीस खळ्यांच्या प्लेट, प्रत्येक खळीवर काचेला उलटा टांगलेला थेंब, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळीनं स्वच्छ, पारदर्शक, रिकामे थेंब. साका तरी व्हावा, तोही नाही. एकदाच एका थेंबात कंगोरेदार, चकचकीत असं काहीतरी दिसलं. अशा वेळी सुईनं दाबून बघायचं असतं. प्रथिनाच्या स्फटिकात अर्धंअधिक पाणीच असल्यानं तो मऊ असतो, दाबला की भुगा होतो. मिठाचा असेल तर कट्‌ आवाज करून फुटतो. मला सुई लावायचा धीर झाला नाही. तो तसाच क्ष-किरणांपुढे नेला. मीठ होतं.

यात भर म्हणजे बारकं टिकायचं नाही. संध्याकाळी शुद्ध करून थंड खोलीत ठेवलेलं सॅम्पल सकाळी जेलवर चार तुकड्यांत दिसायचं. प्रोटिएझचा, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या विकराचा, माग जरी राहिला तरी ते बारक्याला कुठूनही चावायचं. घट्ट घडीच्या प्रथिनात कापण्याजोग्या जागा आत दडलेल्या असतात. इथे सगळंच उघड्यावर. सरांचं निदान ठाम होतं: जिवाणूच्या पेशीत त्याची घडी नीट बसत नाहीये. मग मी तापमान उतरवून वाढवलं, घडी घालायला मदत करणारी चॅपेरोन प्रथिनं सोबत बनवून पाहिली, युरियात उलगडून हळूहळू युरिया काढून पाहिला. ज्याला घडी नव्हतीच त्याची मी दीड वर्ष घडी घालत बसले होते.

माझं डोकं ताळ्यावर आलं ते एका कंट्रोलमुळे, म्हणजे तुलनेसाठी केलेल्या मोजणीमुळे. सीडी नावाचं एक यंत्र असतं. डावीकडे आणि उजवीकडे फिरणारा ध्रुवित प्रकाश प्रथिन किती वेगवेगळा शोषून घेतं ते त्यावर मोजतात. हेलिक्स, म्हणजे साखळीचं मळसूत्री वेटोळं, असेल तर २०८ आणि २२२ नॅनोमीटरला दोन खळगे पडतात. काहीच रचना नसेल तर २०० च्या जरा अलीकडे एकच खोल खळगा. बारक्याचा आलेख नेहमी दुसऱ्या प्रकारचा यायचा आणि आम्ही बॅच खराब म्हणून सोडून द्यायचो. त्या दिवशी मी तेच सॅम्पल ९० अंशांपर्यंत तापवलं. पूर्ण बिघडलेलं प्रथिन कसं दिसतं ते शेजारी ठेवावं, म्हणजे आपलं त्यापेक्षा थोडं तरी बरं दिसेल, एवढाच हेतू. दोन्ही आलेख जवळपास एकसारखे आले. थंड केल्यावर बारकं जिथे होतं तिथे परत आलं, जसंच्या तसं. बिघडायला आधी काहीतरी बसलेलं असावं लागतं. इथे तापवून मोडेल असं काही नव्हतंच.

सरांना दोन्ही आलेख दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे थंडही बिघडलेलंच आहे. पुन्हा कर."

त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. आम्ही सगळे एकाच शाळेत शिकलो होतो. एमिल फिशरनं १८९४ मध्ये विकराची आणि त्याच्या सावजाची तुलना कुलूप-किल्लीशी केली. १९५८ मध्ये केंड्र्यूच्या गटानं मायोग्लोबिनचा पहिला त्रिमितीय आकार दाखवला. अॅन्फिन्सननं रायबोन्यूक्लिएज युरियात उलगडून दाखवलं, काम थांबलं. युरिया काढल्यावर घडी परत बसली, काम परत सुरू झालं. त्याला १९७२ चं नोबेल मिळालं. अमिनो आम्लांच्या क्रमातून घडी, घडीतून काम. ही साखळी इतकी पक्की होती की घडी नसलेलं प्रथिन म्हणजे बिघडलेलं प्रथिन, असा अर्थ आपोआप निघायचा. दुधातलं केसिन, चेतापेशींतलं टाऊ असली तापवली तरी न साकळणारी प्रथिनं तोवर माहीत होती. टाऊ तर १९७५ पासून. पण त्यांना अपवाद म्हणून कोपऱ्यात बसवलं होतं.

१९९९ च्या अखेरीस पीटर राइट आणि जेन डायसन यांचा लेख हाती आला. घडी नसलेली प्रथिनं कामाची असतात आणि म्हणून रचना-कार्याचं सूत्र पुन्हा तपासायला हवं, असा त्यांचा मुद्दा होता. तीनच वर्षांपूर्वी त्यांच्या गटानं पी२१ या पेशीचक्राच्या प्रथिनाबद्दल दाखवलं होतं की एकटं असताना ते मोकळं असतं आणि जोडीदार सापडला की त्याला आकार येतो. मी तो लेख त्या रात्री दोनदा वाचला. त्याच सुमारास किथ डंकर यांचा गट नुसत्या क्रमावरून घडी नसलेले पट्टे ओळखणारा प्रोग्राम वापरत होता. बारक्याचा क्रम त्यात घातला. प्रोलीन, ग्लुटामिक आम्ल, सेरीन आणि लायसीन भरपूर. ट्रिप्टोफॅन एकही नाही, सिस्टीन नाही, ल्युसीन-आयसोल्युसीन मोजकेच. प्रोग्रामच्या आलेखात रेषेच्या वर म्हणजे घडी नाही. जवळजवळ सगळा क्रम रेषेच्या वर, आणि शेवटाकडे एक लहानसा खड्डा. त्या खड्ड्याकडे तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

एक फायदा मात्र लगेच झाला. फोडलेल्या जिवाणूंचा द्राव मी सरळ ९५ अंशांना दहा मिनिटं ठेवला. जिवाणूंची स्वतःची बहुतेक प्रथिनं पांढरा साका होऊन तळाला गेली, वरच्या नितळ पाण्यात बारकं तरंगत राहिलं. प्रोटिएझही त्या साक्यात गेली, त्यामुळे कापाकापी थांबली. तीन दिवसांचं शुद्धीकरण एका दुपारवर आलं. ट्रिप्टोफॅन नसल्यानं २८० नॅनोमीटरला ते नीट दिसत नसे, एवढी एक अडचण राहिली. मी कित्येक वेळा भरलेली नळी रिकामी समजून ओतून दिली असेल.

मग एनएमआर, म्हणजे मोठ्या चुंबकात ठेवून अणूंचे संकेत टिपायचं तंत्र. त्यासाठी जिवाणूंना नायट्रोजन-१५ चा अमोनियम क्षार आणि कार्बन-१३ चं ग्लुकोज एवढ्यावरच वाढवावं लागतं. ते ग्लुकोज इतकं महाग की फ्लास्क उचलताना हात थरथरायचे. पहिला जो आलेख काढतात त्याला एचएसक्यूसी म्हणतात. त्यात प्रत्येक अमिनो आम्लाच्या पाठकण्यातल्या नायट्रोजन-हायड्रोजन जोडीचा एक ठिपका पडतो. घडी असलेल्या प्रथिनात हे ठिपके पानभर विखुरतात, कारण प्रत्येकाचं शेजारपाजार वेगळं. बारक्याचे सगळे ठिपके ७.८ ते ८.६ च्या पट्टीत दाटीवाटीनं उभे होते, लोकलच्या दारात उभे असावेत तसे. यंत्र सांभाळणारे गृहस्थ पडद्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, हे गेलेलं आहे. वेळ वाया घालवू नका."

मी ठिपके मोजायला बसले. १३१ अमिनो आम्लं. त्यांतली १३ प्रोलीन. प्रोलीनला तो हायड्रोजनच नसतो म्हणून ठिपकाही नाही. सुरुवातीचं एक दिसत नाही. राहिली ११७. दाटीतून वेगळे काढत मी १०९ पर्यंत पोचले आणि ते सगळे टाचणीच्या टोकासारखे बारीक होते. साकळलेलं, एकमेकांना चिकटलेलं प्रथिन असतं तर ठिपके फुगले असते, निम्मे गायब झाले असते. हा रेणू मोकळा होता, चपळ होता आणि पूर्ण शाबूत होता. 'गेलेलं' नक्कीच नव्हतं.

कुठला ठिपका कुणाचा हे ठरवायला चौदा महिने गेले. त्रिमितीय आलेखांच्या कागदी पट्ट्या छापायच्या, शेजाऱ्याशी शेजारी जुळवायचा, भिंतीवर डकवायच्या. दर आठ-दहा घरांनंतर प्रोलीन आलं की साखळी तुटायची. सेरीन-ग्लुटामेट, सेरीन-ग्लुटामेट असा एक पट्टा होता, तिथे सगळे ठिपके एकमेकांच्या अंगावर. त्या पट्ट्यापुढे मी दोन वेळा रडले आहे; एकदा तर भिंतीवरची टेप सुटून सगळा क्रम जमिनीवर आला म्हणून.

आता जोडीदार घालायचा होता. बारकं ज्या प्रथिनाला पकडतं त्याचा लहानसा, व्यवस्थित घडीचा भाग आम्ही वेगळा बनवला होता. तो थोडा मिसळला आणि आलेख काढला. शेवटाकडचे वीसेक ठिपके नाहीसे झाले. आणखी मिसळलं, तरी नाहीत. त्या आठवड्यात मला वाटलं, झालं, साकळलं, सगळे म्हणत होते तेच खरं. पण बाकीचे नव्वदच्या वर ठिपके जागचे हलले नव्हते. साकळलं असतं तर सगळेच बुडाले असते. एनएमआरमध्ये असं होतं: रेणू दोन रूपांमध्ये ये-जा करतो, आणि त्या ये-जेचा वेग अडनिडा असला तर ठिपका ना इथे राहतो ना तिथे, पसरून पार्श्वभूमीत विरून जातो. म्हणजे ठिपका नाहीसा होणं हीच बातमी होती. जोडीदार भरपूर घातला, तापमान ३५ अंशांवर नेलं, आणि अठरा ठिपके परत आले, त्या गर्दीपासून दूर, ऐसपैस. कार्बनच्या आकड्यांवरून तिथे हेलिक्स झाल्याचं दिसत होतं. क्रमावरच्या त्या लहानशा खड्ड्याची जागा नेमकी हीच होती.

मी ते पान छापून सरांच्या टेबलावर ठेवलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं ते फ्रेम करून आणलं. आजही त्यांच्या खोलीत आहे.

पेपर छापायला मात्र सव्वा वर्ष लागलं. एका परीक्षकाचं म्हणणं, प्रथिन नीट घडी होऊन आलंय याचा पुरावा द्या. उत्तर काय देणार? घडी नाही, हे पुराव्यासकट सांगायला तर पेपर लिहिला होता. दुसऱ्याला बंध सैल वाटला. इतकी नेमकी ओळख असेल तर पकडही घट्ट हवी. हा प्रश्न चांगला होता आणि त्याचं उत्तर शोधताना मी खूप शिकले. मोकळ्या साखळीला एका आकारात बांधून घ्यायचं तर तिचं स्वातंत्र्य जातं आणि त्याची ऊर्जेत किंमत मोजावी लागते. स्पर्शाचे बिंदू भरपूर, म्हणून ओळख नेमकी. पण मिळालेल्या ऊर्जेतला बराच भाग घडी बसवण्यात खर्च, म्हणून पकड सैल. निरोप पोचवून बाजूला व्हायचं असणाऱ्या प्रथिनाला हेच सोयीचं. चिकटून बसणारा निरोप्या काय कामाचा?

तेव्हा या प्रथिनांना काय म्हणावं यावरही एकमत नव्हतं. कुणी 'नेटिव्हली अनफोल्डेड' म्हणे, कुणी 'अनस्ट्रक्चर्ड', शेवटी 'इंट्रिन्सिकली डिसऑर्डर्ड' टिकलं. मराठीत मी 'बिनघडीची' म्हणते. 'अव्यवस्थित' म्हटलं की व्यवस्था असायला हवी होती असा टोमणा त्यात येतो. २००४ मध्ये क्रमांवरून केलेल्या एका मोठ्या मोजणीत युकॅरिओट, म्हणजे पेशीत केंद्रक असलेल्या, जीवांच्या सुमारे ३३ टक्के प्रथिनांत तीस अमिनो आम्लांपेक्षा लांब बिनघडीचे पट्टे निघाले. जिवाणूंत चारेक टक्के. कोपऱ्यात बसवलेले अपवाद असे एक तृतीयांश निघाले.

पोस्टडॉकची वर्षं अल्फा-सिन्युक्लिनवर गेली. १४० अमिनो आम्लं, पार्किन्सन्सच्या मेंदूत ज्याचे तंतू साठतात ते. १९९६ मध्येच ते बिनघडीचं असल्याचं दाखवलं गेलं होतं. कॉलमवर तेही बारक्यासारखंच सत्तावन्नच्या आसपास निघतं, हे वाचून मला हायसं वाटलं होतं. तंतू कसे बनतात हे थायोफ्लेविन टी या रंगानं बघतात. तंतू बनू लागले की रंग चमकतो. एकाच नळीतलं प्रथिन शेजारच्या तीन खळ्यांत भरलं तर एक सात तासांनी चमकते, दुसरी अकरा, तिसरी रात्रभर गप्प. हलवण्याचा वेग, काचेचा मणी, वर राहिलेला हवेचा बुडबुडा, कशानंही फरक पडतो. त्या वर्षांत माझी एक सवय पक्की झाली: तीन खळ्यांची सरासरी काढून गुळगुळीत वक्र दाखवणाऱ्या पेपरवर माझा विश्वास बसत नाही. सगळे वक्र दाखवा, वेडेवाकडे असले तरी.

२०११ मध्ये एका गटानं म्हटलं, मानवी पेशींतून सौम्यपणे काढलेलं सिन्युक्लिन हेलिक्स असलेला टेट्रामर असतो. तुम्ही उकळता म्हणून ते मोडतं. टेट्रामर हा शब्द ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पुन्हा टेट्रामर! पण आक्षेप रास्त होता. आम्ही उकळतच होतो. मग न उकळता केलं, तरी आमच्याकडे एकटाच रेणू आला; इतर गटांनीही तसंच कळवलं. २०१६ मध्ये जिवंत सस्तन पेशींच्या आत सिन्युक्लिनचा एनएमआर घेतला गेला आणि तिथेही ते एकटं, बिनघडीचंच दिसलं. वादातला एकूण एक मुद्दा मिटलाय असं मी म्हणणार नाही, पण पेशीच्या गर्दीत शिरलं की ही प्रथिनं आपोआप घडी घालून बसत असतील, ही माझ्या मनातली पाल तेव्हा थांबली.

स्वतःचा गट सुरू झाला आणि वेगळीच पंचाईत आली. भाषणात चित्र लागतं. घडीच्या प्रथिनावर काम करणारा रिबिनीचं सुंदर चित्र पहिल्याच स्लाइडला लावतो. माझ्याकडे काय? क्ष-किरणांचं विखुरणं, फ्लुरोसन्सनं मोजलेली दोन टोकांतली अंतरं, एनएमआरचे आकडे, आणि या सगळ्यांना जुळणाऱ्या हजारो आकारांचा संगणकानं काढलेला संच. तो पडद्यावर ठेवला की विस्कटलेल्या केसांचा पुंजका दिसतो. लोक हसतात, मग विचारतात, "यातलं खरं कुठलं?" सगळी खरी, थोडा थोडा वेळ. आणि अवघड बाब अशी की दुसरा एखादा संचही तितकाच जुळू शकतो. मोजमापं मोजकी आणि अज्ञातं प्रचंड. म्हणून तो पुंजका मी भाषणात दाखवणं कमी केलं. त्याऐवजी अंतरांचा पसरट आलेख दाखवते. टाळ्या कमी पडतात.

आता जरा अडचणीचं सांगते. २०१८ मध्ये प्रोथायमोसिन अल्फा आणि हिस्टोन एच१ या दोन प्रथिनांवरचा पेपर आला. एकावर ४४ ऋण भार, दुसऱ्यावर ५३ धन. दोघं एकमेकांना पिकोमोलर इतक्या घट्ट पकडतात आणि पकडल्यावरही दोघं बिनघडीचेच राहतात. ठरावीक संपर्कबिंदू नाही, हेलिक्स नाही, काही नाही. मी पंधरा वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत होते की जोडीदार भेटला की घडी बसते. माझा नावाजलेला पेपर त्यावरच होता. तो पेपर का आवडला होता लोकांना? सरांनी तेच पान का फ्रेम केलं? कारण शेवटी अठरा अमिनो आम्लांना आकार आला होता. घडी नाही म्हणता म्हणता मी शेवटी घडीच दाखवली आणि सगळ्यांनी, मीसुद्धा, निःश्वास टाकला. उरलेल्या ११३ बद्दल मी पेपरात दीड ओळ लिहिली होती: बंधात भाग घेत नाहीत.

ते मी कधी तपासलंच नव्हतं. एनएमआरमध्ये त्यांचे ठिपके हलले नाहीत एवढंच पाहिलं होतं. गटातल्या एका मुलीला ते काम दिलं. तिनं ११३ कापून नुसता अठराचा तुकडा जोडीदाराबरोबर ठेवला. पकड कित्येक पटींनी सैल झाली. मग ११३ ची शेपूट ठेवून त्यातले ऋणभार पुसले, तरी सैल. जोडीदाराच्या पाठीवर धनभारित भाग आहे, त्याच्या आसपास ही शेपूट घोटाळत राहते, कुठेही न टेकता. ठिपके फारसे हलत नाहीत कारण कुठल्याच एका जागी ती पुरेशी थांबत नाही. जुना आलेख नव्या नजरेनं मोजला तर काही ठिपके केसभर सरकलेले सापडलेही. वीस वर्षं ते तिथेच होते.

मधल्या काळात थेंबांची लाट येऊन गेली: प्रथिनं पेशीत एकत्र येऊन द्रव थेंब बनवतात, हा विषय. २००९ मध्ये एका सूत्रकृमीच्या भ्रूणातले पी-ग्रॅन्यूल नावाचे कण द्रव थेंबांसारखे वागतात हे दिसलं, ते काम उत्तमच होतं. पुढे मात्र नळी जरा गढूळ झाली की पेपर, असं चाललं. आम्हीही बारक्यात गर्दी वाढवणारं पॉलिमर घालून थेंब पाडले. फोटो सुरेख आले. पेशीत बारक्याची तितकी संहती कधीच नसते, म्हणून ते फोटो ड्रॉवरमध्ये आहेत.

आणि २०२१ मध्ये अल्फाफोल्ड, नुसत्या क्रमावरून रचनेचं भाकीत करणारा प्रोग्राम. एक विद्यार्थी धावत आला, "मॅडम, बारक्याचं स्ट्रक्चर मिळालं!" पडद्यावर नारिंगी दोऱ्याची लांबलचक भेंडोळी. नारिंगी म्हणजे पन्नासच्या खालचा विश्वासांक. प्रोग्राम स्वतःच सांगत असतो की इथे माझं काही खरं नाही. गंमत अशी की तो कमी विश्वासांक बिनघडीचा भाग ओळखायला चांगलाच उपयोगी पडतो. पण भेंडोळ्याच्या शेवटी एक निळसर हेलिक्स होतं, पूर्ण आत्मविश्वासानं काढलेलं. तेच अठरा. एकट्या बारक्यात ते हेलिक्स नसतं, हे आम्ही मोजलंय. जोडीदाराबरोबरचं रूप प्रोग्रामनं एकट्याच्या अंगावर चढवलं होतं. सिन्युक्लिनचंही तसंच, पेशीच्या पटलावर बसल्यावरचं लांब हेलिक्स तिथे एकट्याला मिळालंय. अल्फाफोल्डवाल्यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तेव्हा आमच्या गटानंही टाळ्या वाजवल्या. तो विद्यार्थी तेवढा म्हणाला, "मॅडम, आपलं तर निळं पण चुकलंय."

गेल्या वर्षी त्याच विद्यार्थ्यानं बारक्याचे स्फटिक केले. सबंध बारकं, जोडीदारासकट. मी करू शकले नाही ते त्यानं सहा महिन्यांत केलं. रचना सुटली. जोडीदार स्वच्छ दिसतो, त्याच्या खाचेत अठरा अमिनो आम्लांचं हेलिक्स दिसतं, आणि रिमार्क ४६५ मध्ये ११३ ओळी. मी त्या वरपासून खालपर्यंत वाचल्या. सेरीन, ग्लुटामेट, सेरीन, ग्लुटामेट या पट्ट्याशी आल्यावर भिंत आणि सुटलेली टेप आठवली.

आता पेपरची पहिली आकृती चालू आहे. न दिसणारा भाग तुटक रेषेनं दाखवायची रीत आहे, साधारण बोटाच्या पेरभर, कडेला. विद्यार्थ्यानं विचारलं, "मॅडम, किती लांब काढू?" आम्ही हिशेब केला. साखळी पूर्ण ताणली तर चाळीस नॅनोमीटर. मोकळी सोडली तर दोन टोकांमधलं अंतर सरासरीनं सातच्या आसपास, पण ते क्षणाक्षणाला बदलतं. जोडीदाराचा व्यास तीनेक. म्हणजे आकृतीत जोडीदार पेरभर काढला तर सरासरी रेषासुद्धा दोन पेरांच्या वर जाते, आणि ताणलेली चौकटीबाहेर. आत्तापर्यंत त्यानं सात आवृत्त्या काढल्यात. शेवटची माझ्या टेबलावर आहे, तिच्यात रेषाच नाही. जोडीदाराभोवती फिकट राखाडी ढग आहे आणि पेन्सिलीनं समासात लिहिलंय, 'हा छपाईत दिसेल का?'